सिमा एकच आहे या गावात!

मी आधीच सांगून ठेवते, या सगळ्या प्रकरणात माझी काडीचीही चूक नाही. आमच्या बेटावर उतरलात तर धक्क्यावरच कुणीतरी तुम्हाला गाठेल, पोट धरून हसेल आणि विचारेल, "लातईची टाकी बघितली का?" हसू देत! ज्यांना स्वतःच्या घराची पन्हळ धड बांधता येत नाही, त्यांनी माझ्या टाकीला हसावं म्हणजे कमालच झाली.

तर टाकी. आमच्या टोंगातल्या हापाईच्या बेटांवर विहीर खणली की खारट पाणी लागतं. पिण्याचं पाणी म्हणजे वरून पडेल तेवढंच. पत्र्यावरून पन्हळीत, पन्हळीतून टाकीत आणि टाकीतून घशात. माझी टाकी सिमेंटची, गोल, माझ्यापेक्षा उंच आणि (लोकांच्या मते) माझ्याएवढीच रुंद. वर पत्र्याचं झाकण. ती आमच्या बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधली. सिमेंट बोटीने आलं, वाळू किनाऱ्यावरची घेतली आणि खडी फोडायला आम्ही पोरं होतोच. तिच्या पाण्यावर मी वाढले, माझा धाकटा भाऊ सेमिसी वाढला, त्याची पोरं वाढली. आणि अलीकडे तिला पाझर फुटला होता. आधी घाम यावा तसा ओलावा, मग थेंब, मग भिंतीवर शेवाळ आणि पायथ्याशी चिखल. गावातल्या डुकरांनी तो चिखल हेरला आणि रोज दुपारी ती सहकुटुंब तिथे लोळायला येऊ लागली. पाऊस पडला की टाकी भरायची आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा ठणठणीत कोरडी.

कुंपणापलीकडे सेमिसीचं घर. तिथे त्याची बायको तोआकासे आणि तिच्या दारात हिरवीगार प्लॅस्टिकची टाकी. दोघींचाही मला भारी राग! तोआकासे गावातल्या न्गातूवाल्या बायकांची म्होरकी. झाडाची साल कुटून, डकवून, रंगवून जे लांबच लांब कापड आम्ही लग्नाला आणि मयताला देतो, ते न्गातू. या बायका ते गावच्या सभागृहात बसून करतात, आणि सभागृहाची फरशी खालून ओल धरते, कापडाला बुरशी येते, हे तोआकासेचं बारमाही रडगाणं. पण माझ्याशी बोलताना तोंडात साखर! रोज सकाळी कुंपणावरून, नेमके चार लोक ऐकत असतील अशा वेळी, ती हाक मारायची.

"वन्सं, पाणी लागलं तर आमच्या टाकीतून न्या हं! संकोच करू नका!"

"मला संकोच नाही, तहानही नाही!" मी ओरडायचे आणि घरात येऊन शहाळं फोडायचे. शहाळ्याच्या पाण्याचा चहा प्यायलाय कधी? पिऊ नका.

शेवटी सेमिसीच्या थोरल्या मुलाचा, सोसेफोचा, ऑकलंडहून फोन आला. तो तिकडे बांधकामावर असतो.

"आत्या, आजोबांची टाकी गेली आता. किनाऱ्याची वाळू घातली होती ना, मीठ आतच राहिलं. सळया गंजल्या, फुगल्या, आता सिमेंट फोडून बाहेर येतायत. मी पुढच्या मोठ्या बोटीने प्लॅस्टिकची पाठवतो. जुनी फोडा आणि तिथेच बसवा. पन्हळ तिथेच उतरतेय."

"फोडा? कुणी फोडायची?"

"आत्या, ऐक तर..."

"सोसेफो! तुझ्या आजोबांचे हात लागलेत त्या टाकीला!"

"हात लागले म्हणूनच सांगतोय. हात लावण्याआधी वाळू धुतली असती तर मीठ राहिलं नसतं."

बघितलंत? ऑकलंडला राहून जीभ किती सैल झालीय! टोंगात आत्याशी असं कुणी बोलत नाही. इथे घरातला सगळ्यात मोठा मान बापाच्या बहिणीचा. भावाच्या घरातलं मी काहीही उचलून आणलं तरी कुणी हूं की चूं करायचं नाही. माझ्या शब्दाला उलट प्रश्न करायचा नाही. सख्खा भाऊसुद्धा बहिणीचा इतका मान ठेवतो की तिच्यासोबत एका खोलीत बसत नाही, समोरासमोर गप्पा मारत नाही. सेमिसीला काही सांगायचं असलं की मी तोआकासेला सांगते आणि ती त्याला. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय आणि कधी काही बिघडलेलं नाही. म्हणजे नव्हतं.

"टाकी बिकी काही नको," मी सोसेफोला ठणकावलं. "तुमच्याकडे सिमेंटला लावायचा लेप मिळतो म्हणे, पाणी अडवणारा. तो पाठव. मी लावते."

"लेप पाठवतो आत्या. पण टाकीही पाठवतो. असू दे जोडीला."

म्हणजे याला माझा भरवसा नाही! माझं डोकंच फिरलं. रविवारी चर्च सुटल्यावर, सगळा गाव अंगणात उभा असताना, मी जाहीर करून टाकलं, "मोठी बोट येईल त्या दिवशी आमच्या बाबांची टाकी पाण्याने भरलेली असेल! नसली तर पहिला घण मी स्वतः घालीन तिच्यावर!"

पाद्रीसाहेब म्हणाले, "लातई, एवढी मोठी शपथ कशाला?"

"शपथ नाही साहेब, बातमी सांगतेय!"

उचलली जीभ लावली टाळ्याला असं तोआकासे पुटपुटली असणार. मला ऐकू आलं नाही, पण ओठ हलताना दिसले.

लेपाच्या ढीगभर बादल्या छोट्या बोटीने आल्या. भुकटी वेगळी, पातळ वेगळं, दोन्ही कालवायचं, रंग ढगाळ दिवशीच्या समुद्रासारखा निळसर राखी. सोसेफोने फोनवरून सगळं पढवलं. आधी टाकी रिकामी करायची, शेवाळ खरवडायचं, भेगा टोकरून सिमेंटच्या मसाल्याने भरायच्या, भिंत ओलसर करून मगच लेप. पहिला हात आडवा, दुसरा उभा. मग काही दिवस हात लावायचा नाही, पाणी पडू द्यायचं नाही, आणि नीट सुकला की दगडापेक्षा घट्ट.

मी शिडी लावून टाकीत उतरले. माझ्या वयाच्या बाईने उतरायला नको होतं असं म्हणणारे सगळे बाहेर होते आणि मी आत, त्यामुळे मला ऐकू येत नव्हतं. नारळाच्या काथ्याने घास घास घासलं. तारेच्या ब्रशने गंज काढला. भेगा भरल्या. काम करताना एक जुनं स्तोत्र म्हणत होते, तर आतून आवाज असा घुमला की रस्त्याने जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या गुडघे टेकून बसल्या. बाबांच्या बोटांचे ठसे एके ठिकाणी सिमेंटमध्ये तसेच राहिलेत. त्यावर मी हात ठेवून बघितला. माझा पंजा त्यांच्याएवढाच भरला. मला रडू आलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

उद्या लेप लावायचा, असं ठरवून झोपले आणि सकाळी निरोप आला. राजधानीत, नुकुआलोफाला, आमचा चुलतभाऊ वारला. अशा वेळी मानाची बहीण म्हणून प्रेताच्या उशाशी मी बसायचं, माझ्यावाचून पुढचं काही हलणार नाही. धक्क्यावर बोट भोंगा वाजवतेय, मी काळे कपडे घालून रिवाजाप्रमाणे कमरेला सुतकाची फाटकी चटई गुंडाळतेय, आणि लेप तसाच पडून! मी कुंपणाकडे धावले.

"तोआकासे! ए तोआकासे! सेमिसीला सांग, सिमाला लेप लावून टाकायचा! बादल्या माझ्या ओसरीवर आहेत!"

आता एक सांगायला हवं. आमच्या भाषेत सिमा म्हणजे सिमेंट. आणि सिमेंटचं जे जे काही, ते सिमा. टाकी सिमा, फरशी सिमा, धक्का सिमा. लोक आपलं आपण समजून घेतात.

तोआकासे कपडे वाळत घालत होती. तिने विचारलं, मी नाकारत नाही, तिने विचारलं, "कुठल्या सिमाला, वन्सं?"

आणि मी म्हणाले, "कुठल्या म्हणजे? सिमा एकच आहे या गावात!"

आहेच मुळी! बाबांच्या टाकीशेजारी बाकीचं सिमेंट म्हणजे नुसता चिखल!

"आतून लावायचा," मी पळता पळता ओरडत होते. "सगळा तळ, सभोवारच्या भिंती, हात पोचेल तिथवर! एक हात आडवा, एक उभा! आणि मी येईपर्यंत आत कुणी पाय ठेवायचा नाही!"

तोआकासेच्या हातातला कपडा खाली पडला. तिचे डोळे भरून आले. "वन्सं!" ती म्हणाली. "तुमचं मन एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं!"

मला जरा नवल वाटलं. पण मयताला निघालेल्या बाईला बघून माणसं हळवी होतात, असं मी समजले आणि बोट पकडली.

नुकुआलोफाला सगळं मानाने पार पडलं. मी शनिवारी परतले. ओसरीवर लेपाच्या बादल्या रिकाम्या, धुऊन पुसून एकात एक रचून ठेवलेल्या! आमच्या सेमिसीचं काम असंच नीटनेटकं. प्रवासाने कंबर मोडली होती, शिडीवर चढायचं त्राण नव्हतं, म्हणून मी कुंपणावरून हाक मारली.

"लेप बसला का ग नीट?"

"आरशासारखा, वन्सं! सेमिसींनी जीव ओतला! आम्ही बायका येऊन बघून गेलो, काहीजणी तर रडल्या!"

"रडायच्याच," मी म्हणाले. मला फार बरं वाटलं. गावातल्या बायका बाबांची टाकी बघून रडल्या! शेवटी कळली म्हणायची यांना किंमत!

रविवारी पहाटे पाऊस आला. असा पाऊस की पत्र्यावर कुणी खडी ओततंय. पन्हळ भरून वाहू लागली आणि टाकीत पाणी धो धो कोसळायला लागलं. मी अंथरुणात पडून ऐकत होते आणि देवाचे आभार मानत होते. मोठी बोट बुधवारी यायची होती. एका पावसात टाकी काठोकाठ! आता घण काय, साधी हातोडीसुद्धा कुणी दाखवून बघावी!

पाऊस थांबला, चर्चची घंटा झाली. मी ठेवणीतला पोशाख केला, कमरेला सगळ्यात चांगली चटई बांधली आणि मान ताठ ठेवून निघाले. तर सभागृहापाशी ही गर्दी! सगळा गाव रविवारच्या कपड्यांत उभा आणि सगळे दारातून आत बघतायत.

मी पुढे घुसले. आत तळं होतं! नितळ, निळसर, गुडघाभर पाणी, एक तरंग नाही. गेल्या वादळात सभागृहाचे अर्धे पत्रे उडाले, तिथे ताडपत्री बांधली होती. ती पावसाच्या भाराने फाटून सगळं पाणी आत कोसळलेलं. आधी कधी पाणी आलं तर फरशीच्या भेगांतून निघून जायचं. आणि डुकरं आत शिरू नयेत म्हणून दाराला उंबरठा गुडघ्याएवढा उंच. पाणी जाणार कुठून?

मला जे हसू फुटलं! "अरे, हे काय करून ठेवलंय?" मी मोठ्याने म्हणाले. "सभागृह आहे की पोहायचा तलाव? कुठल्या दीडशहाण्याचं डोकं हे?"

पुढचे चार लोक मागे सरकले.

"आतून लेपलंय वाटतं कुणीतरी! वा रे वा! फरशीला लावला तो लावला, भिंतींनासुद्धा? अशा माणसाला काय म्हणावं, पाद्रीसाहेब?"

पाद्रीसाहेबांनी बायबल छातीशी धरलं आणि आकाशाकडे बघितलं.

"अगं तोआकासे, तुझी ना ही जागा? तुझ्या डोळ्यांदेखत कुणी गाढव येऊन..."

तोआकासे खाली मान घालून उभी होती. तिच्यामागे न्गातूवाल्या बायका खाली मान घालून उभ्या होत्या. लांब, फणसासारख्या दिसणाऱ्या भाकरफळाच्या झाडाआड, माझ्याकडे पाठ करून सेमिसी उभा होता आणि त्याची मान सगळ्यांत खाली होती.

तेव्हा माझी नजर भिंतीवर गेली. निळसर राखी रंग. हात पोचेल तिथवर. सेमिसी चांगला उंच आहे, त्यामुळे बराच वरपर्यंत. हा रंग मी कुठेतरी बघितला होता. ढगाळ दिवशीच्या समुद्रासारखा.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. समोर एवढं पाणी असून!

पण मी लातई आहे. मी घसा खाकरला आणि म्हणाले, "काम मात्र फार सुबक झालंय."

"हो, आत्याबाई," सगळ्यांनी एका सुरात म्हटलं.

"पाणी साठवायला असंच करावं लागतं. मी मुद्दामच सांगितलं होतं. गावाची सोय झाली."

"हो, आत्याबाई!"

"मग आता उपसायचं का?" मागून कुणीतरी विचारलं.

"आज रविवार!" पाद्रीसाहेब गरजले. "पाणी उपसणं हे काम आहे. आज कुणी बादलीला हात लावायचा नाही!"

झालं! आमच्याकडे रविवारी काम करणं पापही आणि गुन्हाही. म्हणून ते पाणी दिवसभर तसंच राहिलं आणि शेजारच्या गावांतले लोकसुद्धा सहकुटुंब बघायला आले. मी प्रवचनभर समोर बघत बसले. प्रवचन नोहाच्या तारवावर होतं. पाद्रीसाहेबांनी ते आधीच ठरवलेलं होतं असं ते आजही शपथेवर सांगतात.

घरी आले ती थेट टाकीच्या नळाशी. नळ सोडला. नळ खोकला, फुसफुसला, दोन थेंब टाकले आणि गप्प झाला. पायथ्याशी चिखलात डुकरं लोळत होती.

"तोआकासे!"

ती कुंपणाशी आली. हातात लू, नारळाच्या दुधात शिजवलेली आळूची पानं, माझ्यासाठी.

"मी टाकी घासून ठेवली होती, भेगा भरून ठेवल्या होत्या! शिडीसुद्धा लावलेली होती! तुम्हाला काहीच सुचलं नाही?"

"सेमिसी म्हणाले होते वन्सं. म्हणाले, अक्काने टाकी घासलीय, मग लेप सभागृहाला कसा? मी म्हटलं, जा विचारा बहिणीला. तर म्हणाले, अक्काला उलट प्रश्न करू? त्यापेक्षा सभागृह लेपतो."

"आणि तू?"

"मी विचारलं होतं ना. तुम्ही म्हणालात, सिमा एकच आहे." तिने लू कुंपणावर ठेवला. "मला वाटलं, एवढी वर्षं फरशीच्या ओलीचं रडतेय, शेवटी वन्संना पाझर फुटला."

पाझर! हाच शब्द सुचावा तिला! मी लू घेतला, कारण अन्नावर राग काढू नये, आणि दार लावून घेतलं.

सोमवारपासून गावाने सभागृहातून पाणी नेलं. धुणी झाली, भांडी झाली, पोरं पोहून झाली, तरी पाणी इंचभर हलेना. काय लेप होता हो! एक थेंब गळेना! सगळे येऊन मला सांगून जात, "आत्याबाई, लेप एक नंबर बघा!" मी टाकीत उतरून उरल्यासुरल्या सिमेंटने भेगा पुन्हा भरल्या. टाकीला नारळाचं दूध चोळून बघितलं. चिखल चोळून बघितला. बाहेरून जुनी ताडपत्री गुंडाळली. प्रार्थनाही केली. थोडा पाऊस पडला, आत आला आणि निघून गेला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, माझा घडा सुलटा असून तीच गत!

आणि बुधवारी मोठी बोट आली. अवाढव्य हिरवी टाकी तराफ्यावरून उतरली आणि लोकांनी ती गडगडत माझ्या दारात आणली. मागे अख्खा गाव. मला शपथेची आठवण करून द्यायची कुणाची छाती होती? पण घण मात्र कुणीतरी बरोबर आणलेला होता.

मी म्हणू शकले असते, "घेऊन जा ती टाकी." सगळे गेले असते. आत्या आहे मी. पण बोललेला शब्द गिळायचा, तोही चर्चच्या अंगणात बोललेला? मी घण उचलला. बाबांच्या बोटांचे ठसे आतल्या अंगाला होते, ते दिसत नव्हते, हे एक बरं होतं. डोळे मिटले आणि सगळी ताकद लावून घाव घातला.

ठण्ण! टाकीचा टवकासुद्धा उडाला नाही. घणाचं डोकं मात्र दांड्यातून सुटून तोआकासेच्या आळूत जाऊन पडलं आणि तिथलं डुक्कर केकाटत पळालं.

"दुसरा आणा!" मी म्हणाले. छाती धडधडत होती, पण खरं सांगते, आनंदाने.

सेमिसी पुढे झाला. त्याने पहार घातली, पहार वाकली. चर्चच्या गायकवृंदातले दांडगे पुरुष आले, ज्यांच्या आवाजाने काचा हादरतात, त्यांनी घावावर घाव घातले. घामाघूम झाले, कावा, आमचं मुळं कुटून केलेलं पेय, पिऊन आले, पुन्हा घातले. टाकी जागची हलेना. पाणी सोडायला तयार, पण जागा सोडायला तयार नाही!

सेमिसी पहार टाकून टाकीसमोर उभा राहिला. मी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, टाकीकडे बघितलं आणि टाकीलाच म्हणाला, "बाबांनी काय घातलं होतं ग तुझ्यात? मला तर तुला फोडवत नाही. कुणीतरी मोठ्या माणसाने नको म्हटलं तर बरं होईल."

एवढ्या वर्षांत माझ्या भावाने माझ्यासमोर केलेलं हे सगळ्यात लांब भाषण. मीही टाकीकडेच बघून उत्तर दिलं, कारण माझे डोळे त्याला दाखवण्यासारखे नव्हते.

"टाकीबाई," मी म्हणाले, "त्याला सांग, नको."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण दारात ती हिरवी टाकी उभीच, पन्हळ उतरतेय ती एकच जागा, आणि मी पाण्यावाचून. तोआकासे तोंड उघडणार, "वन्सं, आमच्या टाकीतून..." हे मला दिसलं आणि त्याच क्षणी मला ते सुचलं. असं डोकं चालायला बापाचंच रक्त लागतं!

"झाकण काढा!" मी हुकूम सोडला. "नवी टाकी उचला आणि जुन्या टाकीच्या आत उतरवा!"

कुणीतरी हातांनी मापलं. बसत होती! माडाचे ओंडके लावले, दोर बांधले, गायकवृंदाने एका तालात जोर लावला, आणि हिरवी टाकी बाबांच्या टाकीत डब्यात डबा बसावा तशी खाली सरकली. भोवती हाताचं बोट जाईल एवढीच फट. तोआकासे मध्येच "वन्सं..." असं काहीतरी म्हणाली.

"उतरवा म्हटलं ना!" मी ओरडले.

उतरवली. वर झाकण घातलं. बाहेरून बघाल तर बाबांचीच टाकी! त्याच रात्री पाऊस आला, पन्हळ गर्जत राहिली आणि सकाळी बघते तर काठोकाठ पाणी. मी अंगणात उभी राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "आमच्या बाबांच्या टाकीत पाणी आहे! आणि एक थेंब गळत नाही!"

तेवढ्यात सोसेफोचा फोन आला.

"आत्या, ऐकलं मी! तू टाकीत टाकी घातलीस म्हणे! भारी डोकं! मग नळ कुठून काढलात?"

"कुठला नळ?"

"नव्या टाकीचा. खाली, बुडाशी असतो ना."

मी फोन ठेवला. टाकीभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी मारली. बाबांच्या टाकीचा नळ बाहेर होता, कोरडा. नव्या टाकीचा नळ आत होता, बुडाशी, बोटभर फटीच्या तळाला, बाबांच्या भिंतीकडे तोंड करून.

"भोक पाडूया का, आत्याबाई?" धावत आलेल्या कुणीतरी विचारलं.

"बाबांच्या टाकीला? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

तर आता रोज सकाळी मी शिडी लावते, झाकण सरकवते आणि दोराने बादली सोडून पाणी काढते. व्यायाम होतो. लोक बघतात, बघू देत. पहिल्या दिवशी वर चढून बसले होते, तेव्हा खाली कुंपणाशी तोआकासे उभी होती. मी वरूनच विचारलं, "उतरवताना तुला दिसलं होतं ना ग, नळ आत जातोय ते?"

"हो वन्सं. सगळ्यांनाच दिसलं होतं."

"मग एकाला तरी बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही म्हणालात ना, उतरवा."

आता या लोकांना काय म्हणावं? डोळ्यांदेखत चूक दिसतेय आणि तोंडातून शब्द नाही! माणसाने स्पष्ट सांगावं, मोठ्याने सांगावं. सांगितलं असतं तर मी काही ऐकलं नसतं, ते सोडा.